केसरबाईच्या घरची चिनी फरशी

परळीला आगगाडी यायला लागली, तशी सिरसाळ्यात नवीनवी चीजवस्तू दिसू लागली. कुणाच्या घरी भिंतीवरचं घड्याळ आलं, कुणी बिलोरी कंदील आणला. एकानं छत्री आणली आणि रखरखीत उन्हाळ्यात ती डोक्यावर धरून पेठेतून चार चकरा मारल्या. केसरबाईला ह्यातल्या कशाचाच राग नव्हता. घड्याळ टिकटिक करतं, कंदील जळतो, छत्री मिटून खुंटीला अडकवता येते. बाईमाणसाच्या कामात ती आडवी येत नाहीत.

तिच्या घरी मात्र त्या गाडीनं फरशी आणली.

माघाचे दिवस होते. ज्वारीची काढणी ऐन भरात आलेली. शेतावरच्या माणसांची न्याहारी, त्यांचं दुपारचं, घरच्यांचं वेगळं, असं सगळं उरकत केसरबाई पहाटेपासून चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. सून छबुबाई जरा लांब बसून पीठ चाळत होती. तिला सहावा महिना लागला होता, म्हणून सासू तिला चुलीच्या धगीजवळ येऊ देत नव्हती. इतक्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि पाठोपाठ घरधन्याचा.

"हळू रे, हळू उतरवा! काच हाय ती, धोंडे न्हाईत!"

गहिनीनाथराव हैद्राबादेहून परतले होते. जमिनीचा एक दावा तिथल्या कोर्टात कितीतरी वर्षं लोंबकळत होता, त्यासाठी त्यांची खेप व्हायचीच. येताना दरवेळी काहीतरी आणायचे. एकदा अत्तर आणलं, ते कपाटात सुकून गेलं. एकदा मोत्यांची माळ आणली, ती काचेची निघाली. केसरबाईला वाटलं, ह्या खेपेला आरसे आणलेत वाटतं. हाताचं पीठ झटकत ती दाराशी आली. ओट्यापुढं दोन बैलगाड्या उभ्या होत्या आणि गडी पेंढ्यात बांधलेली लाकडी खोकी एकेक करून खाली घेत होते.

"काय हाय त्याच्यात?"

"बघशील तर येडी होशील," गहिनीनाथराव म्हणाले. त्यांनी एका खोक्याचं झाकण उचकटलं, पेंढ्यात हात घातला आणि तळहाताएवढा एक पांढराशुभ्र तुकडा काढून उपरण्यानं पुसला. त्यावर मधोमध निळं फूल होतं. उन्हात तो असा चमकला की केसरबाईनं डोळे बारीक केले. "चिनीमातीची फरशी. समुद्रापलीकडून आलेली."

"देवळात लावायची का?"

"देवळात कावून? तुझ्या सैपाकघरात."

केसरबाईला आधी ती थट्टाच वाटली. पण गहिनीनाथराव थट्टा करणाऱ्यातले नव्हते. हैद्राबादेत ते ज्या वकिलाकडं उतरले होते, त्याच्या स्वयंपाकघराला खालीवर अशीच फरशी होती. वकिलाची बायको ओल्या फडक्यानं एक हात फिरवी आणि सगळं लख्ख होई. भिंतीत पितळी तोटी होती, ती फिरवली की पाणी यायचं. हे सांगताना गहिनीनाथरावांचा आवाज देवाचं दर्शन घेऊन आल्यासारखा झाला होता.

पण केसरबाई इतकी वर्षं त्यांच्याबरोबर संसार करत होती. वकिलाच्या घराचं कौतुक हे निम्मंच कारण आहे, हे तिनं ताडलं. बाकीचं निम्मं कारण भिंतीपलीकडं राहत होतं. त्यांचा चुलतभाऊ धर्मराज ह्यानं आदल्या वर्षी बैठकीत शहाबादी दगडाची फरशी घातली होती. तेव्हापासून गावातली चार माणसं बसायला उठली की धर्मराजाकडं जात. दोन घरांचं येणंजाणं तेव्हापासून जवळजवळ थांबलंच होतं.

"मला इचारलं का एका शब्दानं?" ती म्हणाली.

"इचारायचं काय त्याच्यात? तुझ्यासाठीच तर आणली. मागल्या दिवाळीत सारवून उठताना काय म्हनलीस? गुडघे गेले माझे, म्हनलीस. आता सारवणच बंद!"

ती तसं म्हणाली होती, हे खरं होतं. आणि त्यांनी ते ध्यानात ठेवलं होतं, हेही खरं होतं. नवऱ्यानं नुसती मिरवायला आणली असती तर तिला खुशाल भांडता आलं असतं. आता भांडावं तरी पंचाईत, आणि गप्प बसावं तरी पंचाईत.

संध्याकाळी सगळी खोकी उघडली तेव्हा आणखी एक घोटाळा बाहेर आला. निम्म्या फरश्यांवर निळं फूल होतं आणि निम्म्यांवर हिरवी वेल.

"मी तर निळं फूल पसंत केलतं," गहिनीनाथराव कपाळाला हात लावून म्हणाले. "दुकानदारानं समोर नमुना ठेवला, मी बोट ठेवलं. मग ही वेल कुठून उगवली?" त्यांनी दोन्ही फरश्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "बरं, आता तूच ठरव. एकाआड एक लावायची, का निम्मी इकडं निम्मी तिकडं? तुझ्या मनासारखं होऊ दे."

केसरबाई भाकरीचं पीठ काढायला उठून गेली.

फरशी बसवायला मोमिनाबादेहून त्रिंबक गवंडी आला. गिड्डा, गुबगुबीत, तोंडात सतत पान. तिथल्या एका अंमलदाराच्या न्हाणीघरात आपण चिनी फरशी बसवली आहे आणि साहेब तिच्यात तोंड बघून दाढी करतो, हे त्यानं आल्याआल्या सगळ्यांना सांगितलं. मग तो स्वयंपाकघरात शिरला आणि बोट दाखवत सुटला. चूल काढावी लागेल. जमिनीत पुरलेलं उखळ काढावं लागेल. जातं इथं नको, त्याच्या घरघरीनं फरशी निसटेल. रांजण नको, वजन पडेल. फडताळ नको, मध्ये येतं.

"मग सैपाकघरात ठेवायचं काय?" केसरबाईनं विचारलं.

"फरशी," त्रिंबक म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

काढणी संपून खळी सुरू झाली तरी काम चाललंच होतं. केसरबाई गोठ्यापुढच्या लिंबाखाली तीन दगडांवर स्वयंपाक करायची. वरून पालापाचोळा आमटीत पडायचा, कावळे भाकरी पळवायचे, वारा सुटला की जाळ भलतीकडंच लागायचा. उखळ अंगणात उघड्यावर पडलं होतं, कोंबड्या त्यात बसायच्या. गहिनीनाथराव दिवसातून चार वेळा येऊन त्रिंबकाचं काम बघायचे आणि "वा!" म्हणून जायचे. भाकरीत धूळ लागते म्हणून तक्रारही करायचे.

एकदाचं काम झालं. खाली फरशी, भिंतीला कमरेइतकी फरशी, निळं फूल आणि हिरवी वेल एकाआड एक. फरशीवरच मांडलेली नवी चूल, कोपऱ्यात मोरी, तिच्यावर भिंतीत पितळी तोटी, आणि तोटीला पाणी यावं म्हणून भिंतीच्या बाहेर माळवदाच्या उंचीवर बसवलेली लोखंडी टाकी. केसरबाई उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. देखणं दिसत होतं, ह्यात शंका नव्हती. तिच्या मनात आलं, हे कुणा दुसऱ्याच्या घरी असतं तर आपण तोंड भरून वाखाणलं असतं.

दुसऱ्याच दिवसापासून बघ्यांची रीघ लागली. गहिनीनाथराव ज्याला त्याला हाताला धरून आत आणायचे. केसरबाई चुलीपुढं बसलेली असायची आणि तिच्या डोक्यावरून पाचसहा पागोटी वाकून बघत असायची. "तोंड दिसतं की ह्याच्यात!" कुणीतरी म्हणायचा. मग दुसरा तोंड बघायला वाकायचा. आणि ही सगळी मंडळी शेतातून, खळ्यातून आलेली असायची. त्यांच्या पायांची काळी माती पांढऱ्या फरशीवर अशी उमटायची की कोण कुठून कुठं गेला, ते सांगता यावं.

मातीच्या जमिनीनं सगळं पोटात घेतलं होतं. सांडलेलं पीठ, राखेचे कण, तेलाचा थेंब, काहीही पडो, सारवलं की मिटलं. ह्या फरशीवर मोहरीचा एक दाणा पडला तरी तो डोळ्यात खुपायचा. एका हातानं पुसणाऱ्या वकिलीणबाईची गोष्ट केसरबाईला रोज आठवायची. वकिलीणबाईच्या घरी गडीमाणसांच्या भाकरी होत नसणार. तिनं राखेनं घासून बघितलं, तर चकाकी जाऊन ओरखडे पडले. ताक लावून बघितलं, तर वास राहिला. हळद सांध्यांतल्या चुन्यात शिरली ती निघेचना, म्हणून छबुबाई बसल्या बसल्या खराट्याच्या काडीनं सांधे कोरायची. चुलीखालच्या फरश्या धगीनं ताडताड तडकल्या. त्रिंबकाला निरोप धाडला, तर त्यानं उलट निरोप पाठवला की अंमलदाराच्या न्हाणीघरात एकही तडकलेली नाही.

"न्हाणीघरात चूल असती व्हय?" केसरबाई निरोप्यावरच ओरडली. तो बिचारा चहा न घेताच गेला.

पाडव्याला तिनं सवयीनं शेणाचा हात फिरवला. सणाला चुलीपुढं सारवलं नाही तर तिच्या जिवाला बरं वाटेना. दुपारपर्यंत ते शेण वाळलं आणि पापुद्रे सुटून वाऱ्यानं घरभर उडालं. गहिनीनाथरावांच्या पुरणपोळीवरही पडलं.

आणि तोटी! तोटी फिरवली की पाणी यायचं, हे खरंच होतं. पण टाकीत पाणी यावं कुठून? पूर्वी बायका आडावरून घागर आणायच्या आणि रांजणात ओतायच्या. आता आडावरून घागर आणायची, ती डोक्यावर घेऊन शिडी चढायची, टाकीत ओतायची, खाली उतरायचं, आत यायचं, तोटी फिरवायची आणि तेच पाणी घागरीत धरून घ्यायचं. पाहुणा आला की गहिनीनाथराव तोटी सोडून दाखवायचे, आणि मोरीत वाहून जाणाऱ्या पाण्याकडं बघून केसरबाईच्या पायांत गोळे यायचे.

"अवो, बंद करा ती. चढून बघा एकदा शिडी."

"पाणी वाहतं त्यात काय एवढं! आड आटला का आपला?"

अशात ते घडलं.

सकाळची वेळ होती. छबुबाई ताकाचं मडकं घेऊन आत आली. मोरीपुढं कुणीतरी नुकतेच पाय धुतले होते आणि फरशीवर पाणी पसरलं होतं, चकाकीवर चकाकी, दिसायचं तरी कसं? तिचा पाय सर्रकन पुढं गेला. मडकं हातातून सुटलं आणि ती मागं आदळली. केसरबाईनं मागं वळून बघितलं तेव्हा सून ताकात पडलेली, दोन्ही हात पोटावर.

"छबू!"

"आत्याबाई..." एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

केसरबाई तिला उचलायला धावली, तर तिचाही पाय घसरला. शेवटी ती गुडघ्यांवर रांगत सुनेजवळ गेली. गड्याला पळवून कडूबाई सुईणीला बोलावलं. कडूबाई म्हातारी, पण हात अजून पक्का. तिनं छबुबाईला माजघरात घोंगडीवर निजवलं, पोट चाचपलं, कान लावला. मग पुन्हा चाचपलं, पुन्हा कान लावला. केसरबाई भिंतीला टेकून उभी होती. लुगड्यातून ताक निथळत होतं, त्याचंही तिला भान नव्हतं. तिला एकच दिसत होतं. आपलं काम, आपले गुडघे, एवढाच विचार आजवर आपण केला. ही पोर रोज त्याच फरशीवरून चालत होती, आणि आपण मात्र हळदीच्या डागांवर चिडत बसलो.

"हालतंय," कडूबाई शेवटी म्हणाली. "जीव धडधाकट हाय. पर बाई, ह्या लेकराला त्या आरशावर पुन्ना पाय ठेवू देऊ नगा."

गहिनीनाथराव खळ्यावरून धावत आले. घाबरले होते, सुनेच्या उशाशी बसले, दोनदा डोळे पुसले. केसरबाईला वाटलं, आता तरी हे स्वतः होऊन म्हणतील. संध्याकाळी ते म्हणालेही.

"मी काय म्हनतो, वरून गोणपाटं हातरू. म्हंजे घसरायचं न्हाई."

"फरशीवर गोणपाट?"

"हां."

"अन् मग फरशी कावून आणली?"

"कुणी बघायला आलं तर गोणपाट बाजूला करायचं," गहिनीनाथराव म्हणाले.

केसरबाईनं तोंडाला पदर लावला. हसू येतंय का रडू, ते तिचं तिलाच कळेना.

गोणपाटं आली. ती दिवसभर ओली राहायची, कुबट वास सुटायचा, भाकरीलाही त्याचाच वास लागायचा. चैत्राच्या उकाड्यात एका सकाळी केसरबाईनं चुलीपुढचं गोणपाट झटकायला उचललं, तर खाली गारव्याला येऊन बसलेला काळा विंचू निघाला, नांगी वर करून. तिनं फुंकणीनं त्याला ठेचला. मग तिनं एकेक करून सगळी गोणपाटं काठीनं उचलली आणि अंगणात फेकली. पदर खोचला, आणि वर्षभर जिथं पाऊल टाकलं नव्हतं त्या भिंतीपलीकडच्या घरी गेली.

धर्मराजाची बायको सावित्रीबाई अंगणात शेवया वाळत घालत होती. थोरल्या जावेला दारात बघून तिचे हात थांबले.

"अक्का? सगळं ठीक हाय न्हवं? छबू..."

"छबू बरी हाय. मला दगड पायजे."

"दगड?"

"तुमच्या बैठकीचा उरलाय तो. गोठ्यामागं रचून ठेवलाय. उलटा टाकला म्हंजे खरखरीत असतो. माझ्या सैपाकघरात टाकायचाय."

सावित्रीबाई खाली बसून एवढी हसली की शेवयांवर बसलेल्या चिमण्या उडाल्या. "अक्का, तुमाला वाटतं, मी लई सुखात हाय? बैठकीत चार माणसं येतात, तंबाखू थुंकतात, अन् त्या दगडावरचे लाल डाग मी लिंबू लावून घासते. हिवाळ्यात कुणी बसायला तयार न्हाई, म्हणून घरातल्या सगळ्या सतरंज्या तिथं. आमी झोपतो घोंगडीवर."

दोघी ओट्यावर बसल्या. किती दिवसांचं बोलणं साचलं होतं. बोलता बोलता सावित्रीबाईनं अंगणातल्या तुळशीकडं बघितलं. वृंदावन मातीचं होतं, दर पावसात त्याची एक बाजू ढासळायची आणि दरवेळी तिला ते पुन्हा लिंपावं लागायचं. "तुमची ती हिरव्या वेलीची फरशी," ती जरा लाजत म्हणाली, "मी भिंतीवरून डोकावून बघितली होती. तुळशीला लई सोभंल."

"उद्याच घे," केसरबाई म्हणाली.

गहिनीनाथराव तहसिलीच्या कामाला मोमिनाबादेला गेले होते आणि धर्मराज लग्नाच्या वऱ्हाडात चौसाळ्याकडं. त्रिंबक गवंडी पेठेत दुसऱ्याच कुणाच्या कामावर आला होता. केसरबाईनं त्याला बोलावून घेतलं. फरशी उपटायची म्हटल्यावर त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"मालकांनी सांगितल्याबिगर मी हात लावणार न्हाई."

"मालकांनी सांगितलं ते तुमी केलंत. माझी सून त्याच्यावर पडली. आता मी सांगते ते करा. न्हाई करायचं तर थापी इथं ठेवा, मी करते."

ती खरोखरच करील, हे त्रिंबकानं तिच्या तोंडाकडं बघून ओळखलं. तो कामाला लागला, पण कुरकुर थांबली नाही. केसरबाई शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. खालच्या आणि भिंतीच्या सगळ्या फरश्या निघाल्या. हिरव्या वेलीच्या सावित्रीबाईकडं गेल्या. जमिनीला उलटा शहाबादी दगड बसला, पाय घट्ट रुतेल असा. चुलीपुरती जागा तिनं मातीचीच ठेवली, सणाला सारवता यावी म्हणून. उखळ परत जागेवर आलं. निळ्या फुलांच्या फरश्या चुलीमागच्या भिंतीला हात पुरेल तेवढ्या उंच लागल्या, कारण काजळी तिथंच धरायची आणि तिथून ती खरोखरच एका फडक्यात निघायची. टाकी वरून उतरवून मोरीशेजारी कमरेइतक्या दगडी कट्ट्यावर बसवली आणि तोटी तिलाच लावली. आता घागर उभ्या उभ्या ओतता यायची.

"हे काय नळासारखं दिसत न्हाई," त्रिंबक म्हणाला.

"पाणी येतंय न्हवं?"

गहिनीनाथराव परतले ते दिवस मावळायच्या सुमाराला. हातपाय धुवून ते आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. खाली बघितलं. तो दगड त्यांनी धर्मराजाच्या बैठकीत कितीदा तिरक्या नजरेनं बघितला होता. ओळखायला वेळ लागला नाही.

"हा... हा त्याच्या घरचा धोंडा माझ्या घरात?"

"हां."

"अगं, गावात नाक ऱ्हाईल का माझं? लोक म्हनतील, गहिनीनाथानं भावाचं उष्टं आणून टाकलं! अन् माझी फरशी? एवढ्या लांबून, पेंढ्यात घालून, मांडीवर घेतल्यागत आणली मी ती! सगळं तुझ्यासाठी केलं अन् तू..."

"माझ्यासाठी केलं ते मला कळलं हो," केसरबाई म्हणाली. ती दमली होती, आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. "म्हणून तर इतके दिवस सोसलं. शिडी चढले, ताक लावलं, काडीनं सांधे कोरले. कुणी परका असता तर पहिल्याच दिवशी खोकी माघारी धाडली असती. पर छबू पडली तवा तुमी खळ्यावर होता. मी तिच्याकडं रांगत गेले, रांगत. त्याच्यावर तुमी म्हनला, गोणपाट हातरू."

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. धर्मराजही त्याच दिवशी परतला होता, आणि आपल्या अंगणातली तुळस गहिनीनाथाच्या चिनी फरशीत बघून तरातरा आला होता.

"दादा! हे काय चालवलंय तुमच्या घरच्यांनी? माझ्या तुळशीला..."

तो दारापर्यंत आला आणि त्याची नजर आतल्या दगडाकडं गेली. दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. हा त्याच्या दगडावर उभा, त्याच्या अंगणात ह्याची फरशी. ओरडायचं कुणी आणि कुणावर? ओरडलं तर सगळ्या गावाला कळणार की दोन्ही घरांतलं सामान दोघांना न विचारता इकडचं तिकडं गेलं. धर्मराजानं घसा खाकरला.

"दगड... बरा बसलाय," तो म्हणाला.

"तुळशीला वेल शोभती का?" गहिनीनाथरावांनी विचारलं.

"शोभती तशी."

मग दोघंही बाहेर ओट्यावर जाऊन बसले. केसरबाईनं चहाचं आधण ठेवलं. ते उकळेपर्यंत ओट्यावर ज्वारीच्या उताऱ्याचं बोलणं निघालं होतं.

छबुबाई वैशाखात बाळंत झाली. मुलगी झाली, गुबगुबीत, पायांच्या टाचा गुलाबी. कडूबाईनं तिला कट्ट्याजवळच्या तोटीखालीच आंघोळ घातली आणि ही सोय बेस आहे, असं सांगून गेली. गहिनीनाथरावांची नाराजी पंधरवडाभर टिकली, मग नातीच्या नादात विरून गेली. स्वयंपाकघरात ते पुन्हा डोकावू लागले. कधीकधी निळ्या फुलांच्या भिंतीला हात लावून बघायचे. कुणी बघत नसताना केसरबाईसुद्धा तिच्याकडं जरा वेळ बघत बसायची. सकाळचं ऊन दारातून त्या भिंतीवर पडलं की सगळा स्वयंपाकघराचा कोपरा उजळायचा, हे ती नाकारत नव्हती.

आषाढात वसुलीच्या कामानं तहसिलीतला अधिकारी, पेशकार, गावात आला. मोठा रुबाबदार माणूस, हैद्राबादेकडचा, काळी शेरवानी, पायात करकरणारे बूट. गहिनीनाथरावांनी त्याला बैठकीत बसवून सरबत दिलं आणि बोलता बोलता फरशीचा विषय काढला. केसरबाई आत भाकरी थापत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"लोक काय करतात साहेब, चिनी फरशी आणतात अन् देतात जमिनीला टाकून. माणूस घसरून पडंल, हे ध्यानात घेत न्हाईत. मी आधीच ठरवलं, खाली खरखरीत दगड अन् चिनी फक्त भिंतीला. पाण्याची टाकीबी कमरेइतकीच ठेवली, बायकांना तरास नको म्हणून. लई इचार करावा लागतो ह्याच्यात."

केसरबाईच्या हातातली भाकरी परातीतच थांबली. छबुबाई लेकीला पाजत होती, तिनं सासूकडं बघितलं आणि हसू दाबायला तोंड पलीकडं फिरवलं.

"चला, दाखवतो तुमाला," बाहेर गहिनीनाथराव म्हणाले, आणि बूट करकर वाजत आत येऊ लागले.

केसरबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि उठून उंबऱ्यात उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "बघायचं तर बघा. पर जोडे भायेर काढा. इथं आमी जेवतो."

गहिनीनाथरावांचा चेहरा पांढरा पडला. तहसिलीच्या माणसाला असं कुणी बोलत नसे. ते घाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, साहेब, असू द्या, तिला काय कळतंय..." पण पेशकारानं एकदा केसरबाईकडं बघितलं आणि आपल्या चिखलभरल्या बुटांकडं बघितलं.

"दुरुस्त बोलल्या बाई," तो म्हणाला, आणि भिंतीला हात टेकून, एका पायावर तोल सावरत बूट काढू लागला. बंद ओले होऊन आवळले होते, ते लवकर सुटेनात. गहिनीनाथराव वाकून मदत करू लागले. त्या दोघांना तसं ओणवं बघत केसरबाई उभी राहिली, आणि मागून करपल्याचा वास आला तेव्हा तिला तव्याची आठवण झाली. भाकरी एका बाजूनं कोळसा झाली होती. तिनं ती उलथन्यानं काढली, पण गुरांना टाकली नाही. एका बाजूला झाकून ठेवली. रात्री ती कुणाच्या ताटात वाढायची, हे तिनं ठरवून टाकलं होतं.